तंजावरची धावपट्टी आणि आणीबाणीतील आकाश

तंजावर म्हटले की मराठी माणसाला व्यंकोजीराजांची गादी आणि सरस्वती महाल आठवतो. संरक्षण मंत्रालयाच्या नकाशावर मात्र हे शहर आता वेगळ्या कारणाने ठळक झाले आहे. २०१३ मध्ये तेथे हवाई दलाचा तळ कार्यान्वित झाला आणि २० जानेवारी २०२० रोजी ब्रह्मोस वाहून नेणाऱ्या सुखोई-३० विमानांची स्क्वाड्रन तेथे दाखल झाली. या धावपट्टीवर नागरी विमाने उतरावीत, ही स्थानिकांची मागणी जुनी आहे. ती रास्तही आहे. पण लष्करी धावपट्टीवरचा नागरी प्रवासी हा अखेर पाहुणाच असतो.

दिल्लीकरांनी हे हिंडनला अनुभवले. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरनंतर उत्तर व पश्चिम भारतातील ३२ विमानतळ नागरी वाहतुकीसाठी बंद झाले, त्यांत श्रीनगर, अमृतसर, भूज यांच्याबरोबर हिंडनही होते. बंदीची मुदत १५ मेच्या पहाटेपर्यंत होती; प्रत्यक्षात १२ मे रोजीच ती उठली. निर्णय योग्यच होता. पाकिस्तानने नागरी उड्डाणे चालू ठेवून त्यांचा आडोसा केल्याचा आरोप भारताने त्याच दिवसांत केला होता. आपण स्वतःचे आकाश रिकामे ठेवले, हे त्या पार्श्वभूमीवर महत्त्वाचे.

प्रश्न अधिकाराचा नाही, हिशेबाचा आहे. १९३४ च्या विमान कायद्याच्या सहाव्या कलमाने केंद्राला सार्वजनिक सुरक्षिततेसाठी उड्डाणे रोखण्याचा, विमाने व विमानतळ ताब्यात घेण्याचा अधिकार दिला. भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ ने हा आणीबाणीचा अधिकार पुढे चालवला. जुन्या कलमातील मेख मात्र फारशी चर्चेत येत नाही. विमान ताब्यात घेतले किंवा विमानतळाच्या वापरावर निर्बंध आणले, तर थेट नुकसानीची भरपाई होती. निव्वळ उड्डाणबंदीसाठी ती नव्हती. विमान कंपन्यांनाही युद्ध व सुरक्षेच्या कारणास्तव नुकसानभरपाईतून सूट आहे. तिकिटाचे पैसे परत मिळतात. चार दिवसांचा मुक्काम, बुडालेली मुलाखत, चुकलेले अंत्यदर्शन प्रवाशाच्याच पदरी.

त्यातही लोकांपुढे येतो तो ‘नोटॅम’, म्हणजे वैमानिकांसाठीची तांत्रिक सूचना. निर्णय कोणी घेतला, कशाच्या आधारे, याची उत्तरे त्यात नसतात. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी उत्तरेतील अनेक विमानतळ सकाळी बंद झाले आणि त्याच दिवशी दुपारी खुले झाले. ताटकळलेल्यांना कारण वृत्तवाहिन्यांवरूनच कळले. कारणे लगेच उघड करावीत असे कोणी म्हणणार नाही. ती नोंदवून ठेवावीत आणि संकट सरल्यावर संसदीय समितीपुढे मांडावीत, एवढे मागणे अवाजवी नव्हे.

तंजावरला नागरी कक्षाचा करार होईल, तेव्हा धावपट्टी बंद झाल्यावर प्रवाशांना तिरुचिरापल्लीपर्यंत कोण नेणार आणि त्याचा खर्च कोणत्या खात्यातून होणार, एवढे कलम तरी त्यात असायला हवे. संरक्षण आणि नागरी हवाई वाहतूक या दोन मंत्रालयांना ते शांततेच्या काळातच लिहिता येईल.