परसदारापलीकडे : दलदलीतले तिधारी ‘गवत’



मे महिना आला की आपल्यापैकी बरीच कुटुंबे न्यू जर्सीतल्या ग्रेट स्वॉम्पला फिरायला जातात. फळ्यांच्या वाटेवरून चालताना दोन्ही बाजूंना, पाण्यातून वर आलेले गवताचे गुडघाभर उंच ठोंब दिसतात. मुले विचारतात, “हे कसले गवत?” तर मंडळी, हे गवत नव्हेच! हे टसॉक सेज. शास्त्रीय नाव केरेक्स स्ट्रिक्टा. दिवाळीच्या उटण्यातला नागरमोथा याच कुळातला, तेव्हा नाते अगदीच परके नाही.

ओळखायचे कसे? वाटेलगतची काडी न तोडता चिमटीत धरून फिरवून पाहावी. गवताची काडी गोल, बहुधा पोकळ आणि पेरे असलेली. सेजची काडी भरीव आणि तिधारी. तिच्या तीन कडा बोटांना लागतात. पानेही तीन बाजूंना फुटतात. पानांची धार हाताला कापते, म्हणून मुलांना जपायला सांगावे.

एवढ्याने कूळ कळले. जात ओळखायला आणखी तीन खुणा. पहिली, वाळलेल्या पानांचा घागरा ल्यालेला उंच ठोंब. दुसरी, बुडाशी तांबूस-तपकिरी आवरण. ते जुने झाले की उसवून शिडीसारखे धागे उरतात. तिसरी, ताठ कणसे : वर तपकिरी नर, खाली हिरवट मादी. कणसे खाली लोंबत असतील तर ते बहुधा फ्रिंज्ड सेज. आणि टर्नपाईकच्या कडेला दिसणारे, पुरुषभर उंच, तुऱ्यांचे फ्रॅगमायटीस हे मात्र खरेच गवत.

ही ओळख नुसती हौसेची नव्हे. स्वतःच्याच मुळांवर आणि कुजलेल्या पानांवर हा ठोंब वर्षानुवर्षे चढत जातो. जेमतेम चार इंचांचे, मानेशी नारिंगी ठिपका असलेले बॉग टर्टल कासव अशाच ठोंबांवर अंडी घालते, कारण तेवढीच जागा पाण्याच्या वर असते. १९९७ पासून या कासवाला केंद्र सरकारचे संरक्षण आहे आणि २०१८ पासून ते न्यू जर्सीचे राज्य-सरपटणारे प्राणी आहे. मुलांना मात्र हे ठोंब उड्या मारायला ठेवलेल्या दगडांसारखे वाटतात!

१९५९ साली याच दलदलीवर मोठा विमानतळ करण्याचा बेत होता. आसपासच्या लोकांनी दहा लाख डॉलर्सहून अधिक वर्गणी जमवली, जमीन विकत घेऊन सरकारला दान दिली आणि १९६० मध्ये अभयारण्य झाले. त्या मानाने आपल्याला करायचे आहे ते थोडेच : फळ्यांवरून खाली उतरू नये, ठोंबावर पाय देऊ नये, नागरमोथा समजून काही उपटू नये. आणि हो, गोचिडांसाठी पँट मोज्यात खोचायला विसरू नका.

पुढच्या अंकी भेटूच!