बद्धकोष्ठतेवर विजेची सुई : दावा किती, पुरावा किती?

जुनाट बद्धकोष्ठता इलेक्ट्रोअ‍ॅक्युपंक्चरने बरी होते, असे दावे आता आपल्याकडेही होऊ लागले आहेत. सोबत चीनमधील संशोधनाचा हवाला असतो. हवाला खोटा नाही. पण त्या संशोधनात काय आढळले, हे पूर्ण सांगितले जात नाही.

या उपचारात पोटावर आणि पायावर ठरावीक बिंदूंवर बारीक सुया टोचून त्यांतून सौम्य विद्युतप्रवाह सोडतात. त्याची सर्वांत मोठी चाचणी 2016 मध्ये ‘अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. चीनमधील 15 रुग्णालयांतील 1,075 रुग्ण तिच्यात होते. सगळ्यांना तीव्र बद्धकोष्ठता. औषधाच्या मदतीविना पोट पूर्ण साफ होण्याचे प्रसंग आठवड्यात दोन किंवा त्याहून कमी. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले. एकाला खरा उपचार, दुसऱ्याला बिंदू नसलेल्या जागी सुया टोचून केलेला लुटुपुटीचा उपचार. आठ आठवड्यांत प्रत्येकाला 28 वेळा.

खऱ्या उपचाराच्या गटात पोट साफ होण्याचे प्रसंग आठवड्याला सरासरी 1.76 ने वाढले, लुटुपुटीच्या गटात 0.87 ने. आठवड्याला सरासरी तीन किंवा अधिक वेळा पोट साफ होण्याचा टप्पा पहिल्या गटात 31.3 टक्क्यांनी गाठला, दुसऱ्यात 12.1 टक्क्यांनी. सुया थांबल्यावर पुढचे बारा आठवडेही हा फरक टिकला. त्रास झाला तो थोड्यांना आणि किरकोळ.

वर्षानुवर्षे कुंथणाऱ्या रुग्णाच्या दृष्टीने हा फायदा लहान नाही. पण 31 टक्के म्हणजे उरलेले 69 टक्के त्या टप्प्यापर्यंत पोहोचले नाहीत, आणि ज्यांना गुण आला त्यांतले काही लुटुपुटीच्या सुयांनीही सुधारले असते. सुया टोचणाऱ्यांना कोणाला काय देतोय हे ठाऊक होते. असल्या चाचणीत ते टाळता येत नाही, पण निकालावर त्याची सावली पडू शकते. पुढे प्रुकॅलोप्राइड या औषधाशी 560 रुग्णांत तुलना झाली, तेव्हा सुया औषधापेक्षा कमी ठरल्या नाहीत. पण वरचढही नाहीत. ‘हमखास’ आणि ‘कायमचे’ हे शब्द यातल्या कुठल्याच अभ्यासात बसत नाहीत.

माझी खरी चिंता वेगळी आहे. या चाचणीत घेतले होते ते केवळ कार्यात्मक बद्धकोष्ठतेचे रुग्ण, म्हणजे ज्यांच्या त्रासामागे दुसरा आजार नाही असे. सरकारी रुग्णालयात ‘संडासला साफ होत नाही’ म्हणून येणाऱ्यांत थायरॉइड मंदावलेले असतात, जुना मधुमेह असलेले असतात, लोहाच्या, वेदनाशामक किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे आतडे सुस्तावलेले असतात. तिथे गोळी बदलली तरी काम होते. काहींचे गुदद्वाराचे स्नायू शौचाच्या वेळी सैल पडण्याऐवजी आवळले जातात. त्यांना बायोफीडबॅक म्हणजे स्नायूंचे प्रशिक्षण लागते. आणि पन्नाशीनंतर अचानक सवय बदलली, शौचातून रक्त गेले, वजन उतरले किंवा रक्त कमी झाले, तर आधी तपासणी, बहुधा कोलोनोस्कोपी. इथे दोन महिने सुयांत गेले आणि आत मोठ्या आतड्याचा कर्करोग असला, तर ते दोन महिने परत मिळत नाहीत.

खर्चाचाही विचार हवा. चाचणीत पहिले दोन आठवडे आठवड्याला पाच फेऱ्या होत्या, नंतर तीन. रोजंदारीवरच्या माणसाला 28 दिवसांची ये-जा कशी परवडणार? इसबगोल आणि भरपूर पाणी, त्याने भागले नाही तर पॉलिथिलीन ग्लायकॉल किंवा लॅक्टुलोज. हे स्वस्त उपाय नीट, पुरेशा मात्रेत करून पाहिलेलेच नसतात. चिमूटभर इसबगोल चार दिवस घेतले आणि ‘लागू पडले नाही’ म्हणाले, असे रुग्ण रोज भेटतात.

ही पद्धत आपल्याला परकी नाही. सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांबरोबर 1938 मध्ये चीनला गेलेल्या पथकातले डॉ. बिजॉय कुमार बसू पुढे तिथेच ती शिकून आले आणि त्यांनी ती भारतात रुजवली. महाराष्ट्रात तिच्यासाठी स्वतंत्र कायदाही आहे. तेव्हा तपासण्या झाल्या, औषधे पुरेशी घेऊन झाली, तरी त्रास उरला, तर सुयांचा मार्ग जरूर पाहावा. उपचारकाची नोंदणी विचारावी, सुया निर्जंतुक आणि एकदाच वापरायच्या असाव्यात. पेसमेकर असेल किंवा गरोदरपण असेल तर हा उपचार टाळावा. सुरू करण्याआधी दोन आठवडे पोट किती वेळा साफ होते ते वहीत लिहून ठेवावे, उपचार चालू असतानाही लिहावे. महिनाभरात आकडा हललाच नाही, तर पुढच्या फेऱ्यांचे पैसे आगाऊ भरू नयेत.