रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा

कार्तिक लागला की सिंधुदुर्गात गावोगावच्या जत्रांना आरंभ होतो. देवळातली पालखी प्रदक्षिणा घालून परतली की मध्यरात्रीच्या सुमारास पेटी आणि मृदंगाचे सूर उठतात. गणपती, सरस्वती, संकासुर अशी आडदशावताराची सोंगे होतात आणि मग आख्यान रंगते, ते पहाटेच्या दहिकाल्यापर्यंत. नटांच्या हाती लेखी संहिता नसते. रंगभूषा प्रत्येकाने आपली आपण करावयाची, संवाद जागच्या जागी रचावयाचे आणि एका लाकडी बाकाला सिंहासन मानून राजदरबार उभा करावयाचा, ही या कलेची रीत. या नटांविषयी कोकणात एक म्हण आहे : रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा. प्रयोग संपला की मंडळी आपापले सामान डोक्यावर घेऊन पुढच्या गावची वाट धरीत, त्यावरून ती पडली. आता सामान टेंपोतून जाते. परंतु म्हणीतला बोजा अद्याप उतरलेला नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये एका वृद्ध दशावतारी नटाची कथा सांगणारा ‘दशावतार’ हा मराठी चित्रपट प्रदर्शित झाला. दिलीप प्रभावळकरांच्या अभिनयाने मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकांना या कलेचे नव्याने दर्शन घडविले. हे चांगलेच झाले. मात्र ज्या नटाच्या जीवनावर प्रेक्षकांनी डोळे पुसले, त्याच्या घरची चूल आषाढात कशी पेटते, हा प्रश्न चित्रपटगृहाबाहेर कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही. कलावंताविषयी हळहळणे आणि कलावंताचे देणे चुकते करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली आपल्या समाजाला चांगली साधली आहे. दुसरीचा विचार करावयाचा, तर युरोप-अमेरिकेतील काही थोर कलावंतांचा जमाखर्च पाहणे उपयोगाचे ठरेल.

या कलावंतांची चरित्रे आपल्याकडे बहुधा एकाच सुरात सांगितली जातात : दारिद्र्यात होरपळल्यामुळेच प्रतिभा उजळली, असा तो सूर. वस्तुस्थिती निराळी आहे. रेम्ब्रांटने १६५६ साली दिवाळखोरी पत्करली, तेव्हा त्याचे घर आणि त्याने जमविलेला कलासंग्रह लिलावात गेला. त्यामुळे त्याची कला वाढली असे म्हणणे म्हणजे सावकाराला कलेचा आश्रयदाता ठरविणे होय. १७९१ साली पस्तिसाव्या वर्षी मरण पावलेला मोझार्ट अखेरच्या वर्षांत आपल्या एका व्यापारी मित्राला कर्जासाठी पत्रांमागून पत्रे लिहीत होता. तो वेळ त्याच्या संगीतातूनच वजा झाला. व्हॅन गॉग चित्रे काढू शकला, कारण त्याचा भाऊ थिओ त्याला नियमाने पैसे पाठवीत होता. १८९० साली व्हिन्सेंट गेला, १८९१ च्या जानेवारीत थिओ गेला. त्यानंतर थिओची विधवा योहाना हिने ती चित्रे सांभाळली, प्रदर्शने भरविली, दोघा भावांची पत्रे प्रसिद्ध केली. आज जग ज्याला व्हॅन गॉगचा वारसा म्हणते, त्याच्या पायाशी एका भावाची पदरमोड आणि एका स्त्रीचे आयुष्यभराचे श्रम आहेत.

तात्पर्य, कला टिकते ती कोणीतरी तिचा खर्च सोसते म्हणून. हा खर्च कोणी आणि कोणत्या नात्याने सोसावयाचा, एवढाच वादाचा प्रश्न आहे.

बेथोव्हनचे उदाहरण या संदर्भात फार बोलके आहे. १८०८ साली कासेलच्या दरबाराने त्याला नोकरी देऊ केली. त्याने व्हिएन्ना सोडू नये म्हणून १८०९ साली आर्चड्यूक रुडॉल्फ, प्रिन्स लोबकोविट्झ आणि प्रिन्स किन्स्की या तिघा सरदारांनी मिळून त्याला वर्षाला ४,००० फ्लोरिनचे वर्षासन लिहून दिले. कलावंत दरबारी चाकर न होता स्वतंत्रपणे काम करील, अशी ती व्यवस्था होती. परंतु नेपोलियनशी लढता लढता ऑस्ट्रियाची तिजोरी रिती झाली आणि १८११ साली सरकारने कागदी चलनाची किंमत एकपंचमांशावर आणली. वर्षासनाचा आकडा तोच राहिला. त्याचे मोल मात्र वितळून गेले. पुढच्याच वर्षी किन्स्की घोड्यावरून पडून मेला, लोबकोविट्झ कर्जात बुडाला आणि बेथोव्हनला किन्स्कीच्या वारसांशी कायद्याने झगडावे लागले. तडजोड होण्यास १८१५ साल उजाडले. ज्या रकमेला महागाईची जोड नाही आणि जी देणाऱ्याच्या मर्जीवर व आयुष्यावर अवलंबून आहे, ती कितीही मोठी असली तरी तिला सुरक्षितता म्हणता येत नाही, हा धडा दोनशे वर्षांपूर्वीच मिळालेला आहे.

विसाव्या शतकात सरदारांची जागा कंपन्यांनी घेतली. बेसी स्मिथ ही अमेरिकेतील कृष्णवर्णीय गायिका ‘ब्लूज’ गायनाची सम्राज्ञी म्हणून ओळखली जाई. १९२३ पासून तिची सुमारे १६० गाणी ध्वनिमुद्रित झाली. गाण्यामागे ठरलेली बिदागी तिला मिळे. विक्रीवरचे स्वामित्वधन मात्र मिळत नसे. १९३७ साली मोटार अपघातात ती गेली आणि तिच्या थडग्यावर नाव कोरलेला दगड बसला तो १९७० साली, तोही जॅनिस जॉप्लिन ही तरुण गायिका आणि आणखी एक महिला यांनी पैसे दिले म्हणून. हंगेरीचा थोर संगीतकार बेला बार्टोक १९४० साली युरोप सोडून अमेरिकेत गेला. १९४५ साली न्यूयॉर्कमध्ये त्याचा अंत झाला, तेव्हा त्याच्या अखेरच्या आजारपणातील उपचारांचा खर्च गीतकार-संगीतकारांच्या संघटनेने उचलला होता. बेसीच्या वाट्याला मृत्यूनंतर तेहतीस वर्षांनी चाहत्यांचा कनवाळूपणा आला; बार्टोकच्या वाट्याला हयातीत संघटनेचा हात आला. कार्यकर्त्यांनी हा फरक ध्यानात ठेवावा असा आहे.

आपल्याकडेही हा प्रश्न परका नाही. सावंतवाडी संस्थानातील सोनवडे गावी जन्मलेले संगीतकार वसंत देसाई १९७५ साली निवर्तले. त्यानंतर दोनच वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटसंगीताच्या हक्काचे माप निर्मात्याच्या पदरात टाकले. गीतकार-संगीतकारांना स्वामित्वधनातील त्यांचा वाटा कायद्याने मिळण्यास २०१२ ची दुरुस्ती यावी लागली. प्रयोग करणाऱ्या कलावंताचा हक्कही कायद्याने १९९४ पासून मानला आहे आणि २०१२ नंतर व्यापारी वापरातील स्वामित्वधनही त्यात आले आहे. परंतु जत्रेत रात्रभर चाललेले आख्यान कोणी चित्रित करून समाजमाध्यमांवर चढविले आणि त्यावर जाहिरातीचे पैसे मिळविले, तर त्यातील छदामही संकासुर रंगविणाऱ्या नटाला मिळत नाही. आपल्याला असा हक्क आहे हेच त्याला कोणी सांगितलेले नसते.

आता अर्थशास्त्राचा मुद्दा. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या दोघा अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली रंगमंचीय कलांच्या अर्थकारणावर एक ग्रंथ लिहिला. त्यांचे म्हणणे साधे आहे. कारखान्यात यंत्रे सुधारतात, तेवढ्याच मजुरांकडून अधिक माल निघतो आणि मजुरी वाढली तरी मालाचा खर्च आवाक्यात राहतो. पण चार वादकांसाठी लिहिलेली बेथोव्हनची रचना वाजवावयास त्याच्या काळी चार माणसे आणि जितका वेळ लागे, तितकीच माणसे आणि तितकाच वेळ आजही लागतो. साहजिकच इतरत्र मजुरी वाढत गेली की अशा कलेचा तौलनिक खर्च वाढतच जातो. दशावताराला हे तंतोतंत लागू पडते. दहा-पंधरा माणसे आणि एक अख्खी रात्र, हा हिशेब कोणत्याही यंत्राने कमी होणार नाही. त्यामुळे ‘लोकांना हवी असेल तर कला जगेल’ असे म्हणून बाजाराकडे बोट दाखविणारे लोक एक तर अज्ञानी असतात किंवा अप्रामाणिक. बाजाराच्या हिशेबात ही कला दोनच वाटांनी तगू शकते : ती अतिमहाग होऊन सामान्यांपासून दुरावेल किंवा नटाच्या पोटाला चिमटा काढून स्वस्त राहील. कोकणात आजवर दुसरी वाट चालत आली आहे.

महाराष्ट्र शासन काहीच करीत नाही असे नाही. वृद्ध कलावंतांना मानधन देण्याची योजना १९५४-५५ पासून चालू आहे. आज ती राजर्षी शाहू महाराजांच्या नावे ओळखली जाते आणि २०२४ पासून मानधनाची रक्कम दरमहा ५,००० रुपये झाली आहे. वाढ स्वागतार्ह आहे. तथापि या रकमेला महागाई निर्देशांकाची जोड नाही. म्हणजे बेथोव्हनच्या वर्षासनाचा दोष तिच्यात जसाच्या तसा आहे. दरवर्षी जिल्ह्यागणिक ठरावीक संख्येनेच निवड होते आणि ती समिती करते. तेव्हा पात्र असूनही रांगेत राहणारे आणि ओळख नाही म्हणून मागे पडणारे असणारच. शिवाय मानधन उतारवयात मिळते. ज्या वयात नट रात्रभर उभा राहतो, त्या वयात त्याला आजारपणाचा विमा नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही आणि कंपनीच्या मालकाशी झालेला करार बहुधा तोंडी. पाऊस लागला की हंगाम संपतो. उरते ती भातलावणी किंवा मजुरी.

हंगामी कलावंताचा प्रश्न सुटत नाही असे मुळीच नाही. फ्रान्समध्ये रंगभूमी आणि चित्रपट क्षेत्रातील हंगामी कामगारांसाठी बेकारी विम्याची खास व्यवस्था आहे. बारा महिन्यांत ५०७ तास काम केल्याची नोंद असली की दोन कामांमधल्या रिकाम्या काळात भत्ता मिळतो. आयर्लंडने २०२२ पासून २,००० कलावंतांना तीन वर्षे आठवड्याला ३२५ युरो देण्याचा प्रयोग केला. अमेरिकेत मंदीच्या काळात, १९३५ साली, रूझवेल्ट सरकारने चित्रकारांना मजुरीवर कामाला लावले. पुढे जगप्रसिद्ध झालेला जॅक्सन पोलॉक त्या हजेरीपटावर होता. मात्र त्याच योजनेतील रंगभूमीचा विभाग १९३९ साली अमेरिकन काँग्रेसने निधी तोडून बंद पाडला, कारण त्यातील नाटके काही प्रतिनिधींना डाव्या विचारांची वाटत होती.

राजाश्रय मिळाला तर कलावंत सरकारचा भाट होईल, हा आक्षेप म्हणूनच हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याचे उत्तर फ्रान्सच्या व्यवस्थेत आहे. तेथे कलावंताचे नाटक चांगले की वाईट, सरकारला अनुकूल की प्रतिकूल, हे कोणी पाहत नाही. कामाचे तास मोजले जातात. कृपा काढून घेता येते, कायद्याने बांधलेला हक्क काढून घेणे तितके सोपे नसते.

आणि फ्रान्सपर्यंत जाण्याचीही गरज नाही. १९६९ च्या माथाडी कायद्याने महाराष्ट्रानेच देशाला वाट दाखविली आहे. आज या मालकाकडे, उद्या त्या मालकाकडे काम करणाऱ्या हमालाची नोंद मंडळाकडे झाली. मालकाने मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरावयाची, मंडळाने मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, रजा, औषधोपचार यांची सोय पाहावयाची. पाठीवर पोते वाहणाऱ्याला जे मिळाले, ते रात्री मुकुट वाहणाऱ्याला का मिळू नये? प्रत्येक प्रयोगामागे जत्रा समितीने किंवा यजमानाने थोडी रक्कम भरावी, शासनाने तेवढीच घालावी आणि त्यातून लोककलावंतांचे मंडळ चालावे. यात अशक्य असे काही नाही.

‘ही देवाची सेवा आहे, तिला मजुरीचे माप लावू नका’ असे काही भाविक म्हणतील. देवळाच्या पुजाऱ्याला दक्षिणा मिळते आणि मंडप घालणाऱ्याला त्याचे बिल मिळते. तेवढ्याने देवाचे महात्म्य उणे झालेले नाही. सेवेचा भार मात्र एकट्या नटानेच का वाहावा?

कुडाळजवळ पिंगुळी गावी ठाकर समाजाने चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांची परंपरा जपली. परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्याचे संग्रहालय केले आणि २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. हा सन्मान रास्तच होता. परंतु समाजाचा वारसा जपण्यासाठी एका माणसाला स्वतःचा गोठा रिकामा करावा लागतो, ही गोष्ट शासनाला आणि समाजाला भूषणावह नाही. योहाना व्हॅन गॉगने एकटीने जे केले, ते पिंगुळीत एका घराने केले; सगळीकडे असे घर सापडेलच याची हमी कोण देणार?

कार्यकर्त्यांपुढे काम स्पष्ट आहे. वेंगुर्ल्यापासून देवगडपर्यंत गाववार कलावंतांची यादी करावी. त्यात राजपार्टाच्या नटाबरोबर पेटीवाला, मृदंगवाला, झांजवाला यांचीही नावे असावीत. पात्र वृद्धांचे मानधनाचे अर्ज स्वतः बसून भरून द्यावेत. कोणी कोणत्या गावी किती रात्री काम केले, याची वही प्रत्येक कंपनीत ठेवण्यास मालकांना राजी करावे, कारण उद्याच्या हक्काचा पुरावा त्या वहीतच असणार आहे. मग मानधनाला महागाईची जोड आणि लोककलावंतांचे मंडळ, या दोन मागण्या विधिमंडळाच्या दारात न्याव्यात. येत्या जत्रांचा हंगाम संपण्यापूर्वी ही यादी आणि ही वही तयार होऊ शकते. त्यासाठी कोणत्याही सरकारच्या परवानगीची गरज नाही.