संदर्भग्रंथाची पारख

पाठ्यपुस्तक क्रमाने वाचायचे असते, तर संदर्भग्रंथ अडलेल्या जागी उघडायचा असतो. हा भेद ठाऊक असूनही अनुभवी प्रोग्रामर बहुधा पहिली दोन प्रकरणे चाळून, म्हणजे ज्या पानांकडे तो पुन्हा फिरकणारही नाही त्यांवरूनच, ग्रंथाची निवड करतो. त्यापेक्षा स्वतः एकदा अडलेला प्रश्न त्या ग्रंथाला विचारून पाहणे अधिक श्रेयस्कर होय.

सी भाषेतील पूर्णांकांचा भागाकार हे त्याचे चांगले उदाहरण आहे. -७ ला २ ने भागल्यास उत्तर -३ की -४, हे १९८९च्या प्रमाणकाने, म्हणजे भाषेचे नियम ठरवणाऱ्या अधिकृत दस्तऐवजाने, कंपायलर तयार करणाऱ्यांवर सोपवले होते. १९९९च्या प्रमाणकाने मात्र अपूर्णांकाचा भाग सोडून द्यावा असे ठरवले, त्यामुळे उत्तर -३ आणि बाकी -१ येते. साहजिकच २ ने भागून बाकी १ उरते का, एवढेच पाहून विषम संख्या ओळखणारा प्रोग्राम ऋण संख्यांवर चुकतो. कर्निहॅन आणि रिची यांच्या ग्रंथाची दुसरी आवृत्ती १९८८ची असल्याने ती ऋण संख्यांची ही बाब यंत्रावर अवलंबून असल्याचे सांगते, आणि ते त्या काळापुरते बरोबरच होते. हार्बिसन आणि स्टील यांच्या संदर्भग्रंथाची २००२ची पाचवी आवृत्ती १९९९चे प्रमाणकही विचारात घेते, परंतु २०११च्या प्रमाणकात आलेले थ्रेड, म्हणजे एकाच प्रोग्राममध्ये समांतर चालणारे कार्यप्रवाह, तिच्यात सापडणार नाहीत. म्हणून ग्रंथ नवा की जुना यापेक्षा, हाताखालच्या प्रकल्पाचा कंपायलर ज्या प्रमाणकाला धरून चालतो तेच त्या आवृत्तीत आहे का, हे पाहणे महत्त्वाचे ठरते.

दुसरी कसोटी शब्दसूचीची. बाकी काढणाऱ्या चिन्हाची नोंद तिच्यात चिन्ह म्हणूनही हवी आणि नावानेही हवी, कारण अडलेल्या माणसाला अनेकदा दोहोंपैकी एकच आठवत असते. तिसरी कसोटी अशी, की चिन्हांकित पूर्णांकाची बेरीज मर्यादेपलीकडे गेल्यास काय घडेल याची भाषा कोणतीच हमी देत नाही, हे ग्रंथाने स्पष्ट सांगितले पाहिजे. केवळ एका यंत्रावर दिसलेले उत्तर छापून मोकळा होणारा ग्रंथ नेमक्या अडचणीच्या वेळी दिशाभूल करतो.

उत्तरे आधीच ठाऊक असलेले असे तीन प्रश्न कागदावर लिहून पुस्तकाच्या दुकानात जावे आणि ग्रंथ शेवटच्या पानांकडून, म्हणजे सूचीकडून, उघडावा.