सभ्य शब्दांचे उतारे

अपठित उताऱ्यातल्या अनोळखी शब्दाचा अर्थ संदर्भावरून लावा, असे भाषेचे शिक्षक सांगतात आणि ते बरोबरच आहे. शब्दकोश परीक्षेत हाताशी नसतो. असला तरी चार अर्थांपैकी इथे कोणता लागू, हे तो सांगत नाही. पण नागरी हक्कांवरच्या उताऱ्यात मुलांचा घात अनोळखी शब्द करत नाहीत, ओळखीचे करतात. कारण तिथे अन्यायाला जाणूनबुजून सभ्य नावे दिलेली असतात.

अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्याची ‘साक्षरता चाचणी’ घ्या. साक्षरता म्हटले की आपल्याला प्रौढ शिक्षणाचे वर्ग आठवतात, त्यामुळे विद्यार्थी या शब्दापाशी थांबतच नाही. थांबायला हवे ते पुढे. मतदार म्हणून नाव नोंदवायला आलेल्या माणसासाठी नोंदणी अधिकारी मिसिसिपीच्या राज्यघटनेतले एखादे कलम निवडी. अर्जदाराने ते उतरवून काढायचे आणि त्याचा अर्थ लिहायचा. अर्थ बरोबर की चूक, हे ठरवणारा तोच अधिकारी. (म्हणजे ही परीक्षासुद्धा ‘अर्थ सांगा’ याच प्रकारची होती!) कलम सोपे द्यायचे की किचकट, हेही त्याच्याच मर्जीवर, आणि ती मर्जी अर्जदाराचा रंग पाहून फिरे. शिकलेसवरलेले काळे नागरिकही तिथे नापास होत. 1965 च्या मतदान हक्क कायद्याने अशा चाचण्या थांबवल्या आणि केंद्राला आपली माणसे नोंदणीसाठी पाठवता आली. त्याआधी मिसिसिपीतल्या पात्र काळ्या नागरिकांपैकी जेमतेम 7 टक्क्यांची नावे यादीत होती. 1967 पर्यंत हे प्रमाण 60 टक्क्यांच्या जवळ गेले. दोन वर्षांत एवढी माणसे नव्याने लिहा-वाचायला शिकली नव्हती. तेव्हा ती चाचणी साक्षरतेची नव्हतीच, हे चौदा वर्षांच्या मुलालाही कळेल, फक्त ही वाक्ये त्याच्यापुढे असली पाहिजेत.

यावर कोणी म्हणेल, हा इतिहासाचा तास झाला. भाषेच्या पेपरात ज्याच्या घरी पुस्तके आहेत त्याचेच यात फावेल. आक्षेप रास्त आहे. पण वरचा एकही धागा उताऱ्याबाहेरून आणावा लागत नाही. खरी चूक उतारा कापणाऱ्याची. दहा-बारा ओळींत बसवायचे म्हणून आधी आकडे जातात, मग कोण काय ठरवत होते ते जाते, आणि उरतो तो गुळगुळीत शब्द. रेल्वेत गोऱ्या-काळ्यांसाठी वेगळे डबे ठेवण्यावरून अमेरिकेत झालेल्या 1896 च्या प्लेसी खटल्याशी जोडलेले ‘वेगळे पण समान’ हे तत्त्व असे एकटे वाचले तर न्याय्यच वाटते. लुईझियानात चुकीच्या वंशाच्या डब्यात बसून राहणाऱ्या प्रवाशाला शिक्षा होई, ही एक ओळ शेजारी ठेवली की ते तसे वाटत नाही.

शिक्षक अशाने आपले राजकारण मुलांच्या गळी उतरवतील, ही भीतीही ऐकू येते. उलट, पुरावा मागण्याच्या सवयीने मुले शिक्षकाचे मतही तपासून घेतील. म्हणून कृतिपत्रिका काढणाऱ्यांना एवढेच सांगणे आहे: ‘शब्दाचा अर्थ लिहा’ याखाली ‘तो कोणत्या वाक्यावरून कळला?’ असा प्रश्न घाला, आणि निम्मे गुण त्या उत्तराला ठेवा.