पैसे भरलेत, मग उतरायचंच का?

"पैसे भरलेत ना सगळ्यांनी? मग उतरायचंच!"

हे वाक्य माझंच. सकाळी साडेसातला, जहाजाच्या डेकवर, चहाचा कप हातात धरून मी ते आमच्या महिला मंडळाच्या नऊ जणींना ऐकवलं होतं. समोर समुद्रात अगत्ती बेट दिसत होतं. नारळांची एक हिरवी रेघ आणि तिच्यापुढे आपल्याकडे कधी न दिसणारं मोरपंखी पाणी. मुंबईहून निघून एक अख्खा दिवस नुसता समुद्र बघितल्यावर जमीन दिसली की काय वाटतं, ते गेल्याशिवाय कळायचं नाही. मैत्रिणींनो, त्या वाक्याची आता मला लाज वाटते. का, ते सांगते.

आम्ही सगळ्या कराडच्या. गेल्या हिवाळ्यात मंडळाची सहल म्हणून लक्षद्वीपच्या क्रूझवर गेलो. भिशीचे पैसे, कुणाच्या मुलाने दिलेले पैसे, कुणी मोडलेली एफडी, असं करून पैसे जमवले. ट्रॅव्हल एजंटच्या रंगीत पत्रकात 'अगत्ती भेट' असं छापलेलं होतं. जहाज धक्क्याला लागणार आणि आपण एसटीतून उतरतो तसं उतरणार, असं सगळ्यांनी धरून चाललेलं. मीसुद्धा. खुलासा विचारावा, असं एकीच्याही डोक्यात आलं नाही.

जहाज धक्क्याला लागत नाही. लागूच शकत नाही. ही बेटं प्रवाळाची. बेटाभोवती प्रवाळाची भिंत असते आणि तिच्या आतलं पाणी अगदी उथळ, तळ दिसेल असं. एवढ्या मोठ्या जहाजाच्या पोटाखाली सात-आठ मीटर पाणी तरी लागतं. म्हणून जहाज बाहेर खोल पाण्यात थांबतं आणि माणसं छोट्या बोटींतून बेटावर नेतात. या छोट्या बोटीला जहाजावर 'टेंडर' म्हणतात. आपल्याला टेंडर म्हणजे नगरपालिकेचं तेवढं माहीत!

आणि खरी गोष्ट आहे ती जहाज आणि टेंडर यांच्यामधली. जहाजाच्या पोटात खाली एक दार उघडतात, तिथून बोटीत पाऊल टाकायचं. अंतर म्हणाल तर वीतभर. पण जहाज जवळजवळ स्थिर आणि बोट मात्र लाटेबरोबर वरखाली होणारी. एका क्षणी दोन्ही समोरासमोर येतात, दुसऱ्या क्षणी बोट फूट-दीड फूट खाली गेलेली असते. दोन्ही बाजूंना खलाशी उभे असतात, दंड धरतात, "नाऊ" म्हणाले की पाऊल टाकायचं. तिशीतल्या बाईला ही गंमत वाटते. सत्तरीतल्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या, नऊवारी नाही तरी पाचवारी नेसलेल्या बाईला काय वाटत असेल?

माझ्या सासूबाई बरोबर होत्या. वय ७६, माहेर हर्णैचं. लहानपणी मुंबईला जायचं तर आगबोटीनेच. तेव्हा हर्णैला बोट बाहेर समुद्रात नांगर टाकून थांबायची आणि किनाऱ्यावरून पडावात बसून तिथपर्यंत जावं लागायचं. कंबरभर पाण्यातून खलाश्यांच्या खांद्यावर बसून पडावात चढल्याच्या त्यांच्या गोष्टी मी लग्न झाल्यापासून ऐकतेय. मला वाटलं, या तर सगळ्यांत आधी उतरतील.

त्यांनी काय केलं? रांगेत उभ्याच राहिल्या नाहीत. कठड्याशी खुर्ची ओढून बसल्या आणि अर्धा तास खालच्या बोटी बघत राहिल्या. किती माणसं बसवतात, उतरताना कोण अडखळतं, खलाशी कुठे धरतात, सगळं. मग म्हणाल्या, "उतरेन गं मी. पण दुपारी परत चढायचं कसं? वारा दुपारी उठतो. सकाळचा समुद्र आणि दुपारचा समुद्र एक नसतो. मी नाही येत. तू जा."

मला राग आला, खरं सांगते. त्यांच्या काळजीपेक्षा त्यांच्या भरलेल्या पैशांचा विचार माझ्या मनात आधी आला.

आपण बायकांनी 'नाही' म्हणायला किती कारणं लागतात बघा. एकटी मागे राहिली तर ग्रुपचा विरस होईल. मुलगा विचारेल, एवढे पैसे भरून जहाजातच बसलीस? शेजारीण विचारेल, फोटो कुठेत? पाय दुखतोय म्हटलं तर 'आई आता थकली' असा शिक्का बसेल. मग बाई गप्प रांगेत उभी राहते. आमच्या पेठेतल्या काकू अशाच उभ्या होत्या. वय ६८, एक गुडघा बदललेला. मला हळूच म्हणाल्या, "मी राहू का इथेच, तुझ्या सासूबाईंपाशी?" आणि मी म्हटलं, "चला हो काकू, काही होत नाही!"

त्या आल्या. सकाळी खरंच काही झालं नाही.

बोटीत प्रत्येकीला लाइफ जॅकेट दिलं. आमच्यातल्या चौघींनी ते नुसतं खांद्यावर टाकलं. साडी चुरगळते म्हणून, घाम येतो म्हणून. मुंबईजवळची गोष्ट इतक्यात विसरलो का आपण? १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली आणि १५ जणांचा जीव गेला. सहलीला निघालेली, आपल्यासारखीच माणसं. त्यानंतर जॅकेटची सक्ती झाली. पण सक्ती जॅकेट देण्यापुरती झाली, पट्टा आवळून बांधायची सवय आपली आपणच लावायची. खलाशाने येऊन एकेकीचा पट्टा बांधला तेव्हा आमच्या बायका लाजून हसत होत्या.

बेटाविषयी थोडं सांगते. लक्षद्वीपची ३६ बेटं, त्यातल्या दहा बेटांवर वस्ती, सगळी जमीन मिळून ३२ चौरस किलोमीटर. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ६४ हजारांच्या आसपास होती, म्हणजे आपल्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी! बहुतेक सगळे मुसलमान, भाषा मल्याळम, आणि घराणं मात्र आईकडून चालतं. परंपरेने घर मुलीकडे येतं. नवरा बायकोच्या घरी येतो, बायको माहेर सोडून जात नाही. हे ऐकल्यावर आमच्या नऊ जणींच्या चेहऱ्यावर जे भाव आले, ते इथे लिहीत नाही.

तिथल्या जेटीजवळ एक अंगणवाडीताई भेटली. मोडकं हिंदी तिचं, मोडकं माझं. पण अंगणवाडीचं रजिस्टर, पोषण आहार, वजनकाटा यावर दोन बायका कुठल्याही भाषेत बोलू शकतात. मी तिला म्हटलं, बोटीत उतरताना आमची भीतीने गाळण उडाली. ती हसली. म्हणाली, पहिल्या खेपेला काहीतरी अडचण निघाली तेव्हा आठव्या महिन्यात ती अशीच छोट्या बोटीतून मोठ्या जहाजावर चढून कोचीला गेली होती. कोची इथून साडेचारशे किलोमीटरच्या वर. फारच गंभीर असेल तर हेलिकॉप्टर येतं. पण ते गंभीर ठरायला हवं ना. बाकीच्यांना जहाज, आणि जहाजापर्यंत बोट.

मी गप्पच झाले. जायचं की नाही हा प्रश्न आमच्यापुढे फोटो काढण्यासाठी होता. तिच्यापुढे तो प्रश्नच नव्हता.

आता जरा मोठ्या चित्राकडे येऊ. जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान लक्षद्वीपला गेले, त्यांचे फोटो आले आणि एका रात्रीत सगळ्यांना लक्षद्वीप आठवलं. ३० सप्टेंबर २०२४ ला केंद्र सरकारने मुंबईतून 'क्रूझ भारत मिशन' सुरू केलं. २०२९ पर्यंत क्रूझचे प्रवासी दुप्पट करायचे, असं त्याचं उद्दिष्ट. सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबईच्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन झालं. चांगलंच आहे. विमानाचं तिकीट आणि परदेशी व्हिसा न परवडणाऱ्या आमच्यासारख्यांनाही समुद्र बघता आला, तो याच धोरणामुळे. पण या सगळ्यात मोजतात काय? जहाजं किती, प्रवासी किती, टर्मिनल किती चौरस फूट. जहाजाच्या दारापासून बोटीपर्यंतचं ते वीतभर अंतर कुठल्या योजनेत मोजलेलं मला तरी दिसलं नाही. आणि क्रूझला जाणाऱ्यांमध्ये निवृत्त माणसं भरपूर! आमच्या जहाजावर मी नुसती नजर टाकली तरी निम्मी डोकी पांढरी होती.

दुसरी बाजू बेटाची. एक जहाज म्हणजे हजार-दीड हजार माणसं एका सकाळी अशा बेटावर उतरायची, जे लांबीला सात किलोमीटरच्या आसपास आणि रुंदीला काही ठिकाणी हाकेच्या अंतराएवढं. गोडं पाणी म्हणजे जमिनीखाली, खाऱ्या पाण्यावर तरंगणारा पातळ थर. म्हणून कावरत्तीला २००५ मध्ये आणि अगत्तीला २०११ मध्ये समुद्राच्या पाण्यापासून पिण्याचं पाणी करण्याचे प्रकल्प उभारावे लागले. तिथल्या नळाला हात लावताना मला आमचा उन्हाळ्यातला टँकर आठवला. आमच्यातल्या एकीने शोकेससाठी म्हणून प्रवाळाचे चार सुंदर तुकडे पिशवीत टाकले होते. तिथल्याच एका मुलाने पाहिलं आणि नम्रपणे परत ठेवायला लावले. प्रवाळाला वाघाइतकंच कायद्याचं संरक्षण आहे, वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात. मेलेलं दिसलं तरी उचलायचं नाही. २०२४ च्या उष्णतेत तिथलं कितीतरी प्रवाळ पांढरं पडलं आहे, आणि त्या प्रवाळाच्या भिंतीवरच बेट टिकून आहे. तेव्हा उतरायचं की नाही हा प्रश्न नुसता गुडघ्यांचाही नाही.

दुपारी अडीचला परतीची बोट. सासूबाई म्हणाल्या तसंच, वारा उठला होता. सकाळचं मोरपंखी पाणी आता काळपट, त्यावर पांढरे फेसाचे ठिपके. बोट जहाजाच्या दाराशी आली आणि अशी आपटू लागली की बोटीतल्या मुलांचं हसणं थांबलं. उन्हाने दमलेल्या बायका, ओल्या साड्या, हातात पिशव्या. काकूंची पाळी आली. खलाशी "वेट, वेट" म्हणाला. त्यांना वाटलं "या, या" म्हणतोय. बदललेल्या गुडघ्याचा पाय उंबऱ्यावर, दुसरा अजून बोटीत, आणि बोट खाली गेली.

दोन खलाश्यांनी त्यांना काखेत धरून अक्षरशः वर खेचलं. नडगी सोललेली, दंडावर काळेनिळे वळ, चप्पल समुद्रात. बस, एवढंच. डॉक्टरांनी पट्टी बांधली, गुडघा तपासला, ठीक आहे म्हणाले. काकू मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

रात्री केबिनमध्ये मी सासूबाईंना म्हटलं, तुम्ही मला अडवलं का नाही? त्या म्हणाल्या, "मी माझ्यापुरतं ठरवलं होतं. काकूंचं तू ठरवलंस." दिवा मालवून झोपल्या.

दुसऱ्या बेटावरचं उतरणं कप्तानाने वाऱ्यामुळे रद्द केलं. तो अधिकार त्याचाच असतो आणि अशा वेळी पैसे परत मिळत नाहीत, हे बहुतेक बुकिंगच्या कागदांवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. आम्हीही ते तेव्हा वाचलं! काउंटरवर ही गर्दी, आरडाओरडा, "आम्ही पैसे कशाला भरलेत?" मी तिकडे गेले नाही. काकू पाय वर घेऊन डेकवर बसल्या होत्या, मी त्यांच्यासाठी चहा घेऊन गेले. त्यांनी खुर्ची जरा सरकवून माझ्यासाठी जागा केली.

आता मंडळात पुढच्या सहलीची चर्चा चालू आहे. पुन्हा समुद्रच हवा, असं काकूंसकट सगळ्या म्हणताहेत. या वेळी मी वहीत प्रश्न लिहून एजंटकडे गेले. जहाज धक्क्याला लागणार की बोटीने उतरायचं? आत-बाहेर करायला शिडी की नुसती उडी? परतीची शेवटची बोट किती वाजता? ज्यांना उतरायचं नाही त्यांच्यासाठी त्या दिवशी जहाजावर काय असेल? उतरायचं ठरवून ऐनवेळी नको वाटलं तर कुणाला सांगायचं? त्याने वही बघितली, चष्मा काढून पुसला, आणि म्हणाला, "मॅडम, हे आजवर कुणी विचारलं नाही. मुंबईला फोन करून सांगतो."

त्याला तीन आठवडे झाले. मी आणखी दोनदा जाऊन आले. अजून मुंबईचा फोन लागलेला नाही, म्हणतो.