लग्नाचा वाढदिवस आणि लुंबिनीची वाट



मागच्या महिन्यात मेहकर तालुक्यातील एक जोडपे आमच्या घरी आले. भाऊ एस.टी.त ड्रायव्हर, वहिनी अंगणवाडी सेविका. येत्या मे महिन्यात त्यांच्या लग्नाला पंचवीस वर्षे पूर्ण होतात. मुलांचा विचार होता मंगल कार्यालय घ्यावे, बॅनर लावावेत, चारपाचशे पाने उठवावीत. भाऊंनी ते मोडून काढले. म्हणाले, "तेवढ्या पैशात आम्ही दोघं मुलाच्या गाडीनं लुंबिनीला जातो. जन्मभर दुसऱ्याले पोचवलं, आता हिले नेतो."

ऐकून आम्हाला आनंद झाला. भाऊंनी खिशातून कागद काढला. त्यावर आठ दिवसांचा कार्यक्रम लिहिला होता. रात्रभर गाडी चालवायची, बुद्धपौर्णिमेला लुंबिनी गाठायची आणि दुसऱ्या दिवशी परत फिरायचे. वहिनी इतका वेळ गप्प होत्या. चहाचा कप खाली ठेवून त्या हळूच म्हणाल्या, "भाऊ, तिथं घडीभर बसाले भेटन का, का निस्तं पाहून परत यायचं?"

या एका प्रश्नावर आम्ही तो कागद बाजूला ठेवला.

वाचकहो, माता रमाईंना पंढरपूरला जाण्याची फार इच्छा होती. ज्या ठिकाणी आपल्या माणसाला देवळाबाहेर दूर उभे राहावे लागते तिथे जायचे कशाला, आपण दुसरी पंढरी उभारू, असे बाबासाहेबांनी त्यांना सांगितले. २७ मे १९३५ रोजी रमाई गेल्या. ती दुसरी पंढरी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला उभी राहिली, पण ती पाहायला रमाई नव्हत्या. आज दीक्षाभूमी, सारनाथ, लुंबिनी या साऱ्या वाटा आपल्या भगिनींना मोकळ्या आहेत. तेव्हा ज्या घरात प्रवासाची ऐपत आहे, तिथे प्रवासाचा बेत आखताना घरातल्या बाईचे मत विचारले जाते का, हा प्रश्न आम्हाला महत्त्वाचा वाटतो.

सिगालोवाद सुत्तात तथागतांनी पतीची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. पत्नीला मान देणे, तिची अवहेलना न करणे, तिच्याशी एकनिष्ठ राहणे, तिच्याकडे अधिकार सोपवणे आणि तिला अलंकार देणे. लग्नाच्या वाढदिवसाला साडी-दागिना देऊन पाचवे कर्तव्य आपण पार पाडतो. चौथे मात्र नेमके विसरतो. आम्ही कोरा कागद आणि पेन वहिनींच्या हाती दिला.

वहिनींनी पहिला बदल महिन्याचा केला. मे महिन्यात उत्तर प्रदेशात लू चालते, पावसाळ्यात तराईत पाणी भरते, डिसेंबर-जानेवारीत दाट धुके पडते. म्हणून वाढदिवसाच्या दिवशी गावच्या विहारात त्रिशरण-पंचशील घ्यावे, खीरदान करावे आणि प्रवासाला नोव्हेंबरात निघावे असे ठरले. योग असा की बाबासाहेबही नोव्हेंबर १९५६ मध्येच काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते. प्रकृती ढासळलेली असताना त्यांनी लुंबिनी, सारनाथ आणि कुशीनगरचे दर्शन घेतले. माईसाहेब सोबत होत्या. त्यानंतर थोड्याच दिवसांत, ६ डिसेंबरला, त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

दुसरा बदल रात्रीच्या प्रवासाचा. आपल्या जिल्ह्याला हे शिकवायला नको. १ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवाशांचा जीव गेला. भाऊ कसलेले ड्रायव्हर खरे, पण झोपेला अनुभव कळत नाही. दिवस मावळला की गाडी उभी, हा नियम वहिनींनी कागदाच्या माथ्यावर लिहिला.

मग मुक्काम ठरले. मेहकरहून समृद्धीने नागपूर, दीक्षाभूमीवर वंदना करून पहिला मुक्काम. दुसरा जबलपूर, तिसरा रीवा. चौथा आणि पाचवा सारनाथ, म्हणजे धमेक स्तूपाजवळ निवांत बसता येईल. सहावा कुशीनगर. पुढे गोरखपूरवरून सोनौली नाका ओलांडून लुंबिनीत तीन मुक्काम. परतताना सारनाथ, रीवा, जबलपूर, नागपूर आणि चौदाव्या दिवशी घर. एका बाजूचे अंतर चौदाशे-पंधराशे किलोमीटर भरते.

परदेश म्हटला की कागदपत्रे आली. नेपाळसाठी आपल्याला व्हिसा लागत नाही, परंतु पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ हवे. नुसत्या आधार कार्डाच्या भरवशावर निघू नये. गाडीचे आर.सी. बुक, विमा आणि ड्रायव्हिंग लायसन्स मूळ प्रतीत न्यावे. गाडी मुलाच्या नावावर असल्याने त्याचे संमतीपत्र सोबत घ्यावे. नाक्यापलीकडे बेलहियाला गाडीचा परवाना काढावा लागतो. त्याला तिकडे भंसार म्हणतात. त्याची फी दिवसाप्रमाणे असते, म्हणून मुक्कामाचे दिवस मोजून पावती फाडावी आणि ती गाडी परत येईपर्यंत जपावी. मुदत टळली तर दंड भरावा लागतो.

एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. आपल्या गाडीचा नेहमीचा विमा भारताच्या हद्दीपुरता असतो. नेपाळसाठी विमा कंपनीकडून जादा हप्ता भरून तशी नोंद करून घ्यावी लागते. निघण्यापूर्वी पंधरा दिवस हे काम उरकावे. आपल्या शंभर रुपयांचे तिकडे एकशेसाठ नेपाळी रुपये होतात. खर्चाला शंभराच्या नोटा भरपूर ठेवाव्यात, कारण मोठ्या नोटांचे नियम बदलत असतात. घड्याळ पंधरा मिनिटे पुढे करावे.

ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनी मन खट्टू करू नये. भुसावळहून गोरखपूरला थेट रेल्वे आहे. तिथून सोनौलीपर्यंत बस मिळते आणि नाक्यापासून लुंबिनी सुमारे पंचवीस किलोमीटरवर आहे.

लुंबिनीत मायादेवी मंदिरालगत सम्राट अशोकाचा स्तंभ उभा आहे. राज्याभिषेकानंतर विसाव्या वर्षी तो स्वतः इथे आला, तथागतांचे जन्मस्थान म्हणून या जागेला त्याने वंदन केले आणि लुंबिनी गावाचा कर कमी करून उत्पन्नाच्या आठव्या हिश्श्यावर आणला, असे त्यावर ब्राह्मी लिपीत कोरले आहे. एवढा मोठा राजा दर्शनाला आला आणि जाताना गावकऱ्यांचे ओझे हलके करून गेला. घरोघरी सांगावी अशी ही गोष्ट आहे.

कागद पुरा झाला तेव्हा भाऊ हसत म्हणाले, "म्हणजे मी निस्ता ड्रायव्हर!" वहिनी म्हणाल्या, "नाई, लुंबिनीत तीन दिवस गाडीची चावी माह्याजवळ. तुमी बी बसा माह्यासंगं."

वाचकहो, पंचवीस वर्षांच्या संसारात ही माउली पहाटे उठून डबे भरत आली, गावची लेकरे सांभाळत आली. तिने मागितली ती घडीभर बसायची जागा. ती मे महिन्यात आपल्या विहारातही देता येईल आणि नोव्हेंबरात लुंबिनीतही. आधी तिला विचारा, मग गाडीत तेल भरा.

जयभीम! नमो बुद्धाय!